व्यसन रक्तातच असते?

हॉलीवूडच्या चित्रपटांनी जगभरच्या प्रेक्षकांच्या मनात एक चित्र पक्के बसवले आहे. शहरातली कळकट वस्ती, कोपऱ्यावर टोळक्याने उभी असलेली कृष्णवर्णीय पोरे आणि हातोहात सरकणाऱ्या पुड्या. अमेरिकेत अमली पदार्थ म्हटले की हेच डोळ्यांपुढे येते. अमेरिकेतल्या शाळांमधून पन्नास वर्षे गोळा होत असलेली आकडेवारी मात्र या चित्राशी जुळत नाही. कित्येक बाबतींत ती त्याच्या अगदी उलट आहे.

मिशिगन विद्यापीठ १९७५ पासून दरवर्षी बारावीच्या विद्यार्थ्यांना आणि १९९१ पासून आठवी-दहावीच्या विद्यार्थ्यांनाही काही प्रश्न विचारते. गेल्या महिन्याभरात सिगारेट ओढलीस का, दारू प्यायलास का, गांजा, कोकेन, झोपेच्या गोळ्या यांपैकी काही घेतलेस का? ‘मॉनिटरिंग द फ्युचर’ या नावाने हे सर्वेक्षण ओळखले जाते. त्याच्या पहिल्या काही वर्षांत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांत सिगारेट ओढण्याचे प्रमाण साधारण सारखे होते. नंतर कृष्णवर्णीय मुलांतले प्रमाण झपाट्याने घसरत गेले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते गोऱ्या मुलांच्या कितीतरी पट खाली आले. दारू आणि बहुतेक अमली पदार्थांच्या बाबतीतही कृष्णवर्णीय मुलेच दशकानुदशके मागे राहिली. अपवाद गांजाचा. तिथे दोघांमधले अंतर अलीकडच्या वर्षांत बुजले आहे.

असे का झाले, याचे एकच एक उत्तर नाही. चर्चशी घट्ट नाते, ‘या घरात सिगारेट चालणार नाही’ हा कृष्णवर्णीय आयांचा कडक नियम, सिगारेटची किंमत अशी कारणे अभ्यासकांनी मांडली. ती सगळी थोडी थोडी खरी असावीत. पण या गोष्टीला एक उत्तरार्ध आहे आणि तो अस्वस्थ करणारा आहे. शाळकरी वयात सिगारेटपासून दूर राहिलेल्या याच समाजात विशी ओलांडल्यावर ओढणाऱ्यांची संख्या वाढते. प्रौढांमध्ये गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्यातला फरक जवळपास मिटतो. कृष्णवर्णीय धूम्रपान करणाऱ्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक मेंथॉलची, म्हणजे पुदिन्यासारखा थंडावा देणारी सिगारेट ओढतात. गोऱ्यांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास आहे. मेंथॉलमुळे धुराचा ठसका कमी लागतो आणि सवय सुटणे कठीण होते. या सिगारेटच्या जाहिराती कोणत्या वस्त्यांत आणि कोणत्या मासिकांत लावायच्या, हे कंपन्यांनी कित्येक दशके काळजीपूर्वक ठरवले होते. आईबापांच्या धाकाने शाळेत जे टळले, ते बाजाराने पुढे गाठले.

कायद्याने तर या आकड्यांकडे बघितलेच नाही. १९८६ मध्ये अमेरिकेने केलेल्या कायद्यानुसार ५ ग्रॅम क्रॅक विकणाऱ्याला जी किमान पाच वर्षांची शिक्षा होती, तीच शिक्षा कोकेनची पूड विकणाऱ्याला ५०० ग्रॅमला मिळे. क्रॅक आणि पूड हे एकाच कोकेनचे दोन प्रकार. फरक इतकाच की क्रॅक स्वस्त, म्हणून गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत चाले. पूड महाग, म्हणून गोऱ्यांच्या पार्ट्यांत. शंभरास एक हे गुणोत्तर २०१० मध्ये अठरास एकवर आले, पण पूर्ण बरोबरी तेव्हाही झाली नाही. गांजाबद्दल अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे दिसले, की गांजा बाळगल्याबद्दल कृष्णवर्णीय माणसाला अटक होण्याची शक्यता गोऱ्यापेक्षा जवळपास पावणेचारपट आहे, आणि ओढण्याचे प्रमाण मात्र दोघांत साधारण सारखेच. सोळा वर्षांच्या मुलाच्या नावावर अटकेची नोंद झाली, की पुढे कॉलेज, नोकरी, भाड्याचे घर या सगळ्यावर तिची सावली पडते. गांजाच्या एका झुरक्यापेक्षा हे नुकसान पुष्कळदा मोठे असते.

आकड्यांवर विश्वास ठेवताना एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. शाळेतले सर्वेक्षण शाळेत आलेल्या मुलांनाच प्रश्न विचारते. ज्याने शाळा सोडली, जो आठवडाभर वर्गात फिरकलाच नाही, तो त्यात येत नाही, आणि व्यसनाच्या तावडीत सापडलेला मुलगा नेमका तोच असण्याची शक्यता जास्त. लॅटिनो, म्हणजे मेक्सिको आणि दक्षिणेकडच्या देशांतून आलेल्या कुटुंबांतील मुलांबाबत हे ठळकपणे दिसते. आठवीच्या वर्गात अनेक पदार्थांच्या बाबतीत ही मुले सगळ्यांच्या पुढे असतात. बारावीपर्यंत ती मध्यावर किंवा त्याखाली येतात. चार वर्षांत ती सुधारली, असा सोयीचा अर्थ यातून काढता येईल. पण त्यांच्यात शाळा सोडणाऱ्यांचे प्रमाण मोठे राहिले आहे. जी सर्वात अडचणीत होती, ती बारावीच्या बाकावर पोहोचलीच नाहीत, हे त्यामागचे एक मोठे कारण मानले जाते.

याच समाजात आणखी एक कोडे आहे. मेक्सिकोत जन्मून अमेरिकेत आलेला मुलगा गरीब असतो, त्याला इंग्रजी धड येत नाही, बापाकडे कागदपत्रे नसतात. तरी तो अमेरिकेतच जन्मलेल्या आपल्या चुलतभावापेक्षा कमी नशा करतो. पिढी पुढे सरकते, पैसा येतो, भाषा येते आणि व्यसनही वाढते. या उलट्या वाटणाऱ्या गोष्टीला ‘स्थलांतरितांचा विरोधाभास’ म्हणतात. घरात आजी-आत्या असणे, संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र जेवणे, गावाकडच्या चालीरीती यांचे कवच पहिल्या पिढीभोवती असते आणि हळूहळू ते विरत जाते, असे एक स्पष्टीकरण आहे. दुसरे जास्त टोचणारे आहे. मुले इंग्रजी पटकन शिकतात, आईबाप शिकत नाहीत. मग बँकेत, दवाखान्यात, शाळेच्या पालकसभेतसुद्धा मुलगाच दुभाषी होतो. शाळेतून आलेली तक्रारीची चिठ्ठी आईला वाचून दाखवायची ती त्यानेच. अशा घरात कोण कोणाला दटावणार?

‘एशियन’ या रकान्याची कथा वेगळीच आहे. अमेरिकेच्या जवळपास प्रत्येक सर्वेक्षणात आशियाई मुलांचे व्यसनाचे प्रमाण सर्वात कमी निघते. त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळे काही करण्याची गरज कुणाला वाटत नाही. पण न्यू जर्सीत संगणक अभियंत्याच्या मराठी घरात वाढणारा मुलगा आणि कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचमध्ये कंबोडियन निर्वासिताच्या घरात वाढणारी मुलगी या एकाच रकान्यात मोजल्या जातात. एकाचे आईबाप व्हिसा आणि पदवी घेऊन आले, दुसरीचे आजीआजोबा नरसंहारातून वाचून. १९९७ पर्यंत तर हवाई बेटांवरचे मूळ रहिवासी आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवरचे लोकही याच रकान्यात असत. जिथे जिथे हा रकाना फोडून पाहिला गेला, तिथे फिलिपिनो, हवाईयन आणि बेटांवरच्या मुलांचे प्रमाण चिनी मुलांपेक्षा बरेच वर निघाले. सरासरीने त्यांना झाकून टाकले होते. आणि सरासरी कमी आहे म्हणून ‘आपली मुले असले काही करत नाहीत’ असे मानून निश्चिंत झालेल्या भारतीय आईबापांनाही या रकान्याचा फारसा आधार नाही.

आता रक्ताचा प्रश्न. वंशानुसार व्यसन बदलते, याचा एक खराखुरा जैविक पुरावा आहे आणि तो याच आशियाई रकान्यातला आहे. दारू पोटात गेली की यकृत तिचे आधी अॅसिटाल्डिहाइडमध्ये रूपांतर करते. हे विषारी रसायन. ते पुढे निरुपद्रवी करण्याचे काम ‘एएलडीएच-२’ नावाचे विकर करते. चीन, जपान, कोरियात तीनांतल्या एकाहून अधिक लोकांत या विकराच्या जनुकात बदल असतो आणि विकर लंगडे पडते. दोन घोट घेतले की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, मळमळते. जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर माणूस दारूच्या वाटेलाच जात नाही. एक प्रत बदललेली असेल तरी तो बेतानेच पितो. भारतीयांत हा बदल विरळा आहे. त्यामुळे हे कवच मराठी मुलाला मिळत नाही.

इथपर्यंत जीवशास्त्र जिंकल्यासारखे वाटते. पण जपानमधल्या दारूच्या रुग्णांच्या नोंदी पाहाव्यात. १९७९ मध्ये उपचारासाठी आलेल्या मद्यासक्त रुग्णांपैकी जेमतेम अडीच टक्के लोकांत या जनुकाची एक बदललेली प्रत होती. १९८६ मध्ये हे प्रमाण ८ टक्के झाले आणि १९९२ मध्ये १३ टक्के. तेरा वर्षांत एखाद्या देशाचे जनुक बदलत नाही. बदलला तो समाज. कचेरी सुटल्यावर साहेबाबरोबर बसून पिणे ही नोकरीचीच बाब होत गेली, दारू स्वस्त आणि हाताशी आली, आणि चेहरा लाल होत असतानाही लोक पीत राहिले. शरीराने दिलेली ताकीद न जुमानणाऱ्या या लोकांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका फार मोठा असतो, ही त्याची वेगळी किंमत.

जीवशास्त्राचा खोटा पुरावा ज्यांच्या माथी मारला गेला, ते लोक म्हणजे अमेरिकेतले मूळ आदिवासी. ‘इंडियनांना दारू झेपत नाही, ते त्यांच्या रक्तातच आहे’ ही समजूत गोऱ्यांत दोनशे वर्षे रुजलेली आहे. तिच्याच जोरावर १८३२ मध्ये आदिवासींना दारू विकण्यावर बंदी आली आणि ती थेट १९५३ पर्यंत टिकली. त्यांच्यात दारूला कमजोर करणारा कोणताही खास जनुकीय दोष शास्त्रज्ञांना आजवर सापडलेला नाही. अॅरिझोना विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये राष्ट्रीय आकडेवारी तपासली, तेव्हा दारूला अजिबात न शिवणाऱ्यांचे प्रमाण गोऱ्यांत ४३ टक्के आणि आदिवासींत ६० टक्के निघाले. महाराष्ट्रातही ‘आदिवासी म्हणजे मोहाची दारू’ असे शहरी माणूस सहज बोलून जातो. त्याच आदिवासी भागात, गडचिरोलीत, लोकांच्या चळवळीमुळे १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली, हे त्याला बहुधा ठाऊक नसते.

तरीही आदिवासी मुलांचा प्रश्न खोटा नाही. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाने आदिवासींच्या राखीव प्रदेशांतल्या शाळांत स्वतंत्रपणे पाहणी केली. २००९ ते २०१२ या काळात तिथल्या आठवीच्या मुलांपैकी ५६ टक्क्यांनी कधी ना कधी गांजा ओढलेला होता. त्याच इयत्तेतले राष्ट्रीय प्रमाण होते १६ टक्के. आठवी म्हणजे तेरा-चौदा वर्षांचे वय. मेंदूचा पुढचा भाग, जो मोह आवरतो आणि परिणामांचा विचार करतो, तो पंचविशीपर्यंत पक्व होत असतो. पंधराव्या वर्षाआधी दारू सुरू करणाऱ्याला पुढे तिचे व्यसन लागण्याची शक्यता विशीनंतर सुरुवात करणाऱ्याच्या सुमारे चौपट असते. हे सगळ्या वंशांना सारखेच लागू आहे. राखीव प्रदेशातली मुले अडकतात, त्यात या लवकर सुरुवातीचा मोठा वाटा आहे. मग सुरुवात लवकर का होते?

याचे एक उत्तर अनपेक्षितपणे मिळाले. नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिमेला, ग्रेट स्मोकी पर्वतरांगांच्या परिसरात १९९३ मध्ये १,४२० मुलांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास सुरू झाला. त्यात सुमारे चौथा हिस्सा पूर्वेकडच्या चेरोकी जमातीच्या मुलांचा, बाकी बहुतेक मुले शेजारच्या गोऱ्या कुटुंबांतली. दर वर्षी मुलांना आणि पालकांना भेटायचे, प्रश्न विचारायचे, नोंदी करायच्या, असा साधा बेत होता. अभ्यास अर्ध्यावर आला असताना चेरोकींच्या जमिनीवर कॅसिनो उभा राहिला. जमातीने ठरवले, की नफ्याचा एक भाग प्रत्येक सदस्याला सारखा वाटायचा, वर्षातून दोनदा, कोणतीही अट न घालता. २००१ पर्यंत ही रक्कम माणशी वर्षाला सहा हजार डॉलरच्या घरात गेली. मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत जमातीकडे जमा राहायचा. शेजारच्या गोऱ्या कुटुंबांना अर्थातच काही मिळाले नाही. संशोधकांनी आखूनही आखता आला नसता, असा प्रयोग आपोआप उभा राहिला होता.

चेरोकी कुटुंबांपैकी १४ टक्के या पैशाने दारिद्र्यरेषेच्या वर आली. चार वर्षांत त्या घरांतल्या मुलांची भांडखोरी, चोऱ्या, उद्दामपणा इतका कमी झाला, की कधीच गरीब नसलेल्या मुलांत आणि त्यांच्यात फरक उरला नाही. चिंता आणि नैराश्य यांवर मात्र पैशाचा फारसा परिणाम दिसला नाही. पुढे ही मुले एकवीस वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पैसा यायला लागला तेव्हा जी बारा वर्षांची होती, म्हणजे ज्यांच्या किशोरवयाची बहुतेक वर्षे त्या पैशासह गेली, त्यांच्यात दारू आणि गांजाच्या आहारी गेलेल्यांचे प्रमाण चौदा आणि सोळा वर्षांच्या मुलांच्या गटांपेक्षा कमी होते. जमात तीच, रक्त तेच, डोंगर तेच. फरक होता तो दोन ते चार वर्षांचा.

पैशाने नेमके काय केले, हेही नोंदींतून शोधले गेले. सर्वात मोठा वाटा निघाला तो आईबापांच्या लक्ष ठेवण्याचा. मुलगा कुठे आहे, कोणाबरोबर आहे, रात्री किती वाजता परततो, हे बघायला पालकांना सवड मिळू लागली होती. गरीब आईबाप बेफिकीर असतात, असे व्यसनमुक्तीच्या भाषणांत पुष्कळदा सूचित केले जाते. इथे त्याच आईबापांच्या हाती थोडा वेळ आला आणि त्यांनी तो मुलांवर खर्च केला. अर्थात पैसा म्हणजे रामबाण औषध नव्हे. ज्या महिन्यांत मोठी रक्कम हाती पडे, त्या महिन्यांत अपघाती मृत्यू वाढत, असेही याच जमातीच्या नोंदींतून पुढे दिसले.

ओक्लाहोमात, चेरोकी राष्ट्राच्या प्रदेशात, दुसऱ्या वाटेने प्रयत्न झाला. तिथे गावकऱ्यांनी अल्पवयीन मुलांना दारू मिळण्याचे मार्ग आवळले. काही शाळांत समुपदेशकाने प्रत्येक मुलाशी, व्यसनी असो वा नसो, दर सत्रात एकदा एकट्याने बसून गप्पा मारल्या. त्यात उपदेश टाळून मुलाचेच ऐकून घ्यायचे, असा नेम होता. २०१७ मध्ये त्याचे निकाल आले. दोन्ही उपायांनी दारू पिणे कमी झाले, आणि ते आदिवासी मुलांत आणि त्यांच्या शेजारी बसणाऱ्या गोऱ्या मुलांत, दोघांतही.

दरम्यान अमेरिकेतला धोका मात्र बदलला आहे. २०१० मध्ये दहावीच्या ३० टक्के मुलांनी वर्षभरात एखादा अमली पदार्थ घेतला होता. २०२१ मध्ये हे प्रमाण १९ टक्क्यांपर्यंत उतरले. याच काळाच्या अखेरीस मृत्यू वाढले. अमली पदार्थांचा अतिरेकी डोस होऊन १४ ते १८ वर्षांची ४९२ मुले २०१९ मध्ये दगावली; २०२० मध्ये ९५४. घेणारे कमी झाले आणि मरणारे जवळपास दुप्पट, याचे कारण फेंटानिल. हे वेदनाशामक मॉर्फिनपेक्षा पन्नास ते शंभर पट तीव्र असते आणि ते झोपेच्या किंवा दुखण्यावरच्या बनावट गोळीत दडलेले असते. पूर्वी मुलाला चूक करून सावरायला काही वर्षे मिळत. आता एका गोळीत सगळे संपू शकते. या मृत्यूंचा दर आदिवासी मुलांत सर्वाधिक आहे, त्याखालोखाल लॅटिनो मुलांत. गोरी मुले त्यांच्या मागे आहेत.

भारतातही असे रकाने आहेत, फक्त त्यांची नावे वेगळी. २०१९ मध्ये देशभरच्या शाळांत १३ ते १५ वर्षांच्या मुलांची तंबाखूबद्दल पाहणी झाली. देशाची सरासरी ८.५ टक्के. हिमाचल प्रदेश आणि कर्नाटक एक टक्क्याच्या आसपास. मिझोराम आणि अरुणाचल ५८ टक्के. हे वाचून ‘ते लोक तसेच’ असे म्हणणे सोपे आहे, आणि अमेरिकेत आदिवासींबद्दल नेमके हेच दोनशे वर्षे म्हटले गेले. त्याच पाहणीतला दुसरा आकडा सगळ्या राज्यांना मिळून लागू आहे. गुटखा, खर्रा, मिश्री यांसारखी धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी ती दहा वर्षांची होण्याआधीच पहिल्यांदा तोंडात टाकली होती.

त्याच वर्षी केंद्र सरकारने दिल्लीच्या ‘एम्स’मार्फत केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल आला. दारूपासून अफूपर्यंत प्रत्येक पदार्थाच्या बाबतीत मोठी माणसे मुलांच्या पुढे होती. अपवाद एकाच गटाचा, हुंगण्याच्या नशेचा. चिकटवण्याचे सोल्युशन, व्हाइटनर, थिनर रुमालावर घेऊन हुंगणाऱ्यांचे प्रमाण मोठ्यांत ०.५८ टक्के आणि १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के निघाले. ही पाहणी घरोघरी जाऊन केलेली होती. दादर, कल्याण, पुणे स्थानकांच्या फलाटांवर रात्री झोपणाऱ्या मुलांच्या दारावर पाहणीवाला थाप मारू शकत नाही. त्यांना दारच नसते.